नल्लिरिक्क मोजायचं राहिलं

तिरुवातिरेच्या सणाला आमच्या देवळापुढे बायका दिव्याभोवती फेर धरतात. तेवीस वर्षं पुढची जागा माझ्या थोरल्या बहिणीची, माधवीचेचीची. यंदा तिचे गुडघे धरले. माझी सून सुगंधी फार मायेने म्हणाली, "मोठ्या आई, तुमच्यासाठी खुर्ची मांडू ना?"

झालं! चेची वैद्यरांच्या लाकडी द्रोणीत. दशमुळांचा गरम काढा गळ्यापर्यंत, वर नुसतं तोंड. ते मात्र सैल होतं. काढा ओतायला मी.

"चंद्रिके, सरावात तुझ्या सुनेचा पाय अजून चुकतो ना गं?"

"मी जपात होते, चेची. पाहिलं नाही."

"मला तर जपातच सगळं दिसतं."

सात दिवस द्रोणी, आठव्या दिवशी फेर, असा तिचा हिशेब. सातव्या दिवशी ती उकिडवी बसून आपली आपण उठली. वैद्यर खूश झाले.

"छान. आता सात दिवस नल्लिरिक्क."

जितके दिवस उपचार, तितकेच दिवस पथ्याने स्वस्थ बसायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चेचीने फक्त भिजणं मोजलं होतं.

"अहो, उद्या फेर आहे माझा!"

"मग आठवडाभर आधी यायचं होतं. वारा नको, तळ्यावरची आंघोळ नको, नाच तर नकोच नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चेची शाल गुंडाळून खुर्चीत बसली. सुगंधी पुढे झाली, आणि खोटं कशाला बोलू, पोरगी सुरेख नाचली. शेजारच्या कुंजिक्कावम्मा ऐकू येईल अशा बेताने कुजबुजल्या, "इतक्या वर्षांनी ताल ऐकू आला बाई!"

शाल खुर्चीवर राहिली. चेची फेरात घुसली, सुगंधीला कोपराने मागे सारलं, आणि दोन फेऱ्या अशा घेतल्या की वैद्यरांनीही पाहाव्यात. तिसऱ्या फेरीला सगळ्या खाली वाकून उठल्या. चेची वाकली ती तिथेच राहिली. सुगंधीने गाणं सोडलं नाही. फेर जरासा रुंद केला, आणि बायका दिव्यासकट चेचीभोवतीही फिरू लागल्या.

मी धावत जाऊन हात दिला.

"हात लावू नकोस!" ती ओठ न हलवता म्हणाली. "नुसती हसत राहा. लोकांना वाटेल, यंदा असंच बसवलंय."

मी हसत राहिले. दिवसभराचा उपास होता, तरी फारसे कष्ट पडले नाहीत.