मागच्या रांगेतला बचनाग

जवळ या, पण हात मागे ठेवा. मी बचनाग बोलतोय.

तुमच्याकडे हिमालयात माझे भाऊबंद राहतात, त्यामुळे हे नाव तुमच्या कानावर असेल. माझा जन्म मात्र डेन्मार्कमधला, फ्यून बेटावरच्या एका रोपवाटिकेतला. इथले लोक मला जुन्या शिरस्त्राणाच्या नावाने ओळखतात, कारण माझं निळं फूल तसंच दिसतं, कपाळावर खाली ओढून घेतल्यासारखं. पानांपासून मुळांपर्यंत माझ्यात विष आहे. मुळांत सगळ्यात जास्त. ते मी मागून घेतलेलं नाही, पण आहे माझंच, आणि जन्मभर मला त्याचीच भीती वाटत आली आहे. साप निदान बिळात तरी जातो. मला एका जागी उभं राहून कुणाचा हात कधी पुढे येतो, हे बघत बसावं लागतं.

सोल्वाय मला घ्यायला आली तेव्हा मे महिना संपत आला होता. तिच्या घरामागे एक लांबलचक वाफा होता. झुडपं, गुलाब, कंद आणि दरवर्षी मुळातून पुन्हा फुटणारी फुलझाडं, सगळी एकत्र लावलेली. तिची अडचण एकच होती. ट्यूलिप मेमध्ये आटोपायचे आणि गुलाब जूनच्या अखेरीशिवाय तोंड दाखवायचे नाहीत. मधल्या दिवसांत, म्हणजे जेव्हा इथली माणसं सहा महिन्यांचा अंधार झटकून बागेत येऊन बसतात नेमकं तेव्हा, वाफा नुसता हिरवागार.

म्हणून ती उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणारी रोपं निवडत होती. ढकलगाडीत ल्युपिन होते, नारिंगी पॉपी होत्या, पांढरे आयरिस होते, पुढच्या कडेसाठी बुटकी जांभळी जिरॅनियम होती. मागे बीच नावाच्या झाडांच्या कुंपणाची सावली पडते, तिथे तिला उंच आणि गडद निळं काहीतरी हवं होतं. ती माझ्यापुढे थांबली. रोपवाटिकेतल्या माणसाने तिला सांगितलं, की हा वाण लवकर फुलतो, सावलीत टिकतो, गोगलगायी याला तोंड लावत नाहीत. मग का लावत नाहीत तेही सांगितलं.

गाडी ढकलत होता तो तिचा नवरा थोर्किल. तो बसचालक होता, आणि बागेतलं त्याला गवत कापण्यापलीकडे काही येत नव्हतं.

"एवढी फुलं पडलीत इथे," तो म्हणाला, "आणि तुला विषच सापडलं?"

"मागच्या रांगेत लावीन. हातमोजे घालून."

"आणि मी?"

"तू तिकडे फिरकतोस कधी?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

तिने मला कुंपणाशी लावलं. पण माझ्या अगदी शेजारी, मुळं पसरू नयेत म्हणून जमिनीत पुरलेल्या एका बिनबुडाच्या बादलीत, आणखी एक झाड होतं. त्याला आपण तिखटमूळ म्हणू. ते मोहरीच्या घराण्यातलं, किसलं की नाकाडोळ्यांतून पाणी काढणारं. इथली माणसं ते पांढऱ्या सॉसमध्ये घालून उकडलेल्या मांसाबरोबर खातात. उन्हाळ्यात आमच्यात गल्लत होणं शक्यच नाही. त्याची पानं लांब आणि सरळ, माझी नखांसारखी फाटलेली. पण हिवाळ्यात दोघांचीही पानं जातात. उरतात ती मातीखालची मुळं. सोल्वायने दरवेळी नीट बघूनच त्याला खणलं. तरी तिच्या खुरप्याचा आवाज आला की मी अंग चोरून घ्यायचो.

तिची निवड मात्र चुकली नव्हती. जून लागला की पुढे जांभळं, मध्ये पॉपींचं पेटलेलं नारिंगी आणि मागे मी. रस्त्याने जाणारे सायकलवरून उतरून बघायचे. ती पाहुण्यांना सगळ्यांची नावं सांगायची. थोर्किल तोवर आत कॉफी करत असायचा.

मग एका फेब्रुवारीत ती बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती घरी आली ती एप्रिलमध्ये, दोन कुबड्यांवर. ती येणार म्हणून थोर्किलने बेत केला तिच्या आवडीचाच, उकडलेलं मांस आणि तिखटमुळाचा सॉस. शेजारच्या गावाहून त्याची म्हातारी डाग्नीमावशीही आली होती.

सकाळी तो माती खणायचा मोठा काटा घेऊन आला. त्याची पावलं मी ओळखत नव्हतो. बीचची पानं पडून बादलीची कड झाकली गेली होती. वर दिसत होती ती फक्त कोंबांची टोकं, त्याचीही आणि माझीही. तो क्षणभर उभा राहिला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि काटा माझ्यात घुसवला.

मी ओरडू शकलो असतो तर गाव जमा झालं असतं.

त्याने दोन-तीन मुळं तोडून घेतली, माती झटकली आणि शीळ वाजवत स्वयंपाकघरात नेली. मूळ म्हणजे मीच. मी तिथेही होतो, चिरायच्या फळीवर. त्याने मला धुतलं, सोललं. म्हणाला, यंदा थंडीने फारच बारकी राहिलीत. हातात मोजे नव्हते. किसणीवर मी झिजत होतो आणि त्याच्या बोटांना लागत होतो. पलीकडे भांड्यात दूध आणि लोणी तयार होतं. सोल्वाय खिडकीपाशी पाय लांब करून बसली होती, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी घरी आल्याचं समाधान. या तिघांच्या ताटांत मी जाणार होतो. ज्या बाईने मला निवडून आणलं तिच्याही.

डाग्नीमावशी टेबलाशी बटाटे सोलत होती. ती थोर्किलकडे बघत म्हणाली, "काय रे, डोळ्यांत टिपूस नाही तुझ्या? लग्नात रडला नाहीस, आता तरी रडायचंस."

"जुनं झालं असेल, मावशी. जोर गेला असेल त्याचा. चाखून बघतो."

त्याने किसाची चिमूट उचलली.

"थांब," सोल्वाय म्हणाली. "कुठून काढलंस ते?"

"कुंपणाजवळून. बादलीपाशी."

"बादलीच्या आतून की शेजारून?"

त्याने वळून कुंपणाकडे बघितलं. चिमूट तशीच हवेत.

"थोर्किल, हात खाली कर." तिचा आवाज अगदी हळू झाला होता. "तोंडाला लावू नकोस. कशालाच लावू नकोस."

कुबड्या न घेताच ती उठायला गेली आणि मावशीने तिला धरलं. मग साबण, वाहतं पाणी, डॉक्टरांना फोन. किसणी, फळी, सुरी आणि मी, सगळं कागदात गुंडाळून कचऱ्यात गेलं. थोर्किलची बोटं संध्याकाळपर्यंत बधिर होती. डाग्नीमावशी त्याची नाडी धरून शेजारी बसून राहिली आणि मधूनमधून त्याला गाढव म्हणत राहिली. जेवण झालं, पण मोहरीच्या चटणीबरोबर.

दुसऱ्या दिवशी तो मोजे घालून आला आणि त्याने मला उपटलं. राग नव्हता त्याच्या हातात. भीती होती. तिखटमूळही त्याने बादलीसकट काढलं. सोल्वाय खिडकीतून बघत होती. तिने त्याला थांबवलं नाही आणि मी तिला दोष देत नाही.

पण माझी मुळं ठिसूळ. मला वाफ्याबाहेर ओढून नेताना बोटाएवढा एक तुकडा तुटून पुढच्या कडेला पडला आणि जिरॅनियमच्या मुळांत अडकून राहिला. त्या उन्हाळ्यात मी कशीबशी चार पानं काढली आणि तिच्या पानांत लपून राहिलो. वर काय चाललंय ते ऐकू यायचं. सोल्वायने माझ्या जागी डेल्फिनियम नावाचं तसंच उंच, निळं फुलझाड लावलं. गोगलगायींनी ते एका आठवड्यात फस्त केलं. जूनमध्ये पॉपी फुलल्या, पण त्यांच्या मागे निळं काही नव्हतं.

यंदा माझी दांडी वर गेली. मला नको होती, पण ऊन आलं की ती थांबवता येत नाही. कळ्या धरल्या तेव्हा मी समजलो, आता लपणं संपलं.

सोल्वाय काठी टेकत वाफ्याशी आली. तिची नजर माझ्यावर ठरली. मग तिने थोर्किलला हाक मारली. त्याने मला बघितलं आणि त्याचा रंग उडाला.

"उपटू?" त्याने विचारलं.

"आधी ओळख." तिने काठीने माझं पान दाखवलं. "हे बघ, कसं फाटलंय. दांडी बघ. मी नसताना तुला कळायला हवं. मग उपट, नाहीतर ठेव. तू ठरव."

त्याने त्या दिवशी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला, हात खिशात घालून, आणि दुरून बघून गेला. पुढेही रोज येत राहिला. कधी खाली वाकून पानं बघायचा, कधी जिरॅनियमची पानं शेजारी धरून. प्रत्येक वेळी मला वाटे, आज काटा आणला असेल.

आता मी फुललोय. काल पाहुणे आले होते. एका बाईने कौतुकाने माझ्याकडे हात नेला. थोर्किल कॉफीचा ट्रे घेऊन येत होता. तो ट्रे गवतावर टाकून धावला, कप फुटले, आणि तो तिच्या न् माझ्या मध्ये उभा राहिला. धापा टाकत त्याने तिला माझं नाव सांगितलं.

पुढच्या वर्षी तो मला ठेवेल की नाही, मला माहीत नाही. त्याची मला अजून भीती वाटते आणि त्याला माझी. तुमच्याकडे एकच मागणं. बागेसाठी रंग निवडताना मला जरूर निवडा, पण माझी ओळख एकट्यापुरती ठेवू नका. घरातल्या प्रत्येकाला माझ्यासमोर उभं करा आणि माझं नाव सांगा. तोवर हात मागेच असू द्या.