ज्वालामाईचा अभिषेक

हिंगोलीजवळच्या गोरेगावहून येणारी जीप थांबायच्या आतच माणसं उड्या टाकत होती. हातात नारळ, हिरवे खण, आणि तोंडानं जयजयकार. आमच्या गावातल्या वसरामच्या पडीक रानात कोरड्या बोअरमधून देवी प्रकटली होती. एका कंपनीचे मालक म्हणवणारे विजयकुमार साहेब बोअरच्या पाइपात घागरभर पाण्याचा अभिषेक करायचे, काडी लावायचे, आणि भक्कन पुरुषभर जाळ उठायचा.

"ही ज्वालामाई! सायन्स हिलाच नॅचरल गॅस म्हणतं," साहेब माइकवर गरजायचे. "आमची कंपनी छोटी, पण मायची कृपा मोठी! आज पन्नास हजार ओटीत घाला, दोन वर्षांत पाच लाख घ्या. आणि ओटीची पावती मागून मायचा अपमान करू नका!"

देवी आणि विज्ञान एकाच दमात विकणारा असला बहाद्दर मी पाहिला नव्हता. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शेजारच्या मिराबाईंनी दोन म्हशी विकून ऐंशी हजार जमवले होते, लेकीला, दिपाला, नांदेडला नर्सिंगला घालायला. ते त्या ओटीत घालणार, असं कळल्यावर मी त्यांच्या ओसरीवर गेलो.

"मिराबाई, खरा गॅस असला तरी घालू नका. मोठमोठ्या कंपन्या खोदतात, त्यांच्याही कित्येक विहिरी कोरड्या जातात. त्यांना तोटा झेपतो. छोट्या कंपनीची एक विहीर फसली की सगळ्यांचा पैसा बुडाला. गॅस लागलाच तरी परवानग्या, पाइपलाइन, यात वर्षं जातात."

"गुरुजी, जाळ डोळ्यानं दिसून राहिला न्हवं? मंग तो कशाचा हाय, ते सांगा तुमी."

"बघून सांगतो," म्हणून मी उठलो. त्याच संध्याकाळी ऐंशी हजार ओटीत गेले.

चार दिवसांनी मिराबाईंच्या थोरल्या बहीण भागूबाई वसमतहून दर्शनाला आल्या. बारा वर्षं त्यांनी केळी पिकवायच्या गोदामात काम केलेलं. मीही त्यांच्याबरोबर रांगेत होतो. पुजाऱ्यानं अभिषेक केला, तसा त्यांनी नाकाला पदर लावला.

"आगं मिरे, ह्यो तर आमच्या गोदामातला वास! केळीत ठिवायच्या कार्बाइडच्या पुड्या भिजल्या की आसाच वास सुटायचा. मालक बोंबलायचा, काडी वढू नका म्हनून."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. साहेब मशीन आणायला म्हणून आदल्या दिवशी हिंगोलीला गेले होते. त्यांच्या पुजाऱ्याला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा जाळ विझू द्या, आणि आता अभिषेक न करता पेटवा."

त्यानं काड्यांची अर्धी पेटी संपवली. काही पेटलं नाही. मग आम्ही पाइप उपसला. आत तारेला टांगलेली गोणपाटाची पिशवी, आणि तिच्यात करड्या रंगाचे खडे. एक खडा मी पेल्यातल्या पाण्यात टाकला. बुडबुडे फसफसले, काडी धरली, आणि पेल्यावर जाळ धरला. कार्बाइडवर पाणी पडलं की वेल्डिंगला वापरतात तो गॅस सुटतो. जमिनीखाली काहीच नव्हतं, अभिषेकाचं पाणीच सगळा चमत्कार करत होतं.

जो तो साहेबांना फोन लावू लागला. फोन बंद होता. ठाण्यात जमादारानं पावती मागितली, तेव्हा मिराबाई हळूच म्हणाल्या, "ओटीची पावती कोन मागतं, सायेब?"

दिपाच्या प्रवेशाची तारीख निघून गेली. एकदा ती रस्त्यात भेटली.

"सर, पानी वतल्यावरच काहून पेटतं, हे पैल्याच दिवशी तुमी काहून न्हाई इचारलं?"

फार वाईट वाटलं, आजही वाटतं. मला शंका आली होती, पण पैसे जायच्या आधी ती तपासायला मी रानात गेलो नव्हतो. म्हणून हात जोडून सांगतो, कोणी चमत्कार दाखवला तर तो त्याच्या पद्धतीनं पाहू नका, तुमच्या पद्धतीनं करून दाखवायला लावा. कोणी जमिनीखालची दौलत दाखवली तर परवाना बघा, आणि बुडालं तर चालेल एवढाच पैसा घाला. हे सगळं पैसे द्यायच्या आधी करायचं असतं. आम्ही नंतर केलं, आणि दिपा आता आईबरोबर हळद काढायला जाते.