गेटवर कोण आलंय

आम्ही भाड्याने राहतो त्या सोसायटीत गेटवर कुणी आलं की फोनवर विचारणा होते: आत सोडायचं का? वरद, म्हणजे माझा नवरा, कधी बघत नाही. त्याची मीटिंग चालू असते, अंगठा आपोआप 'हो'वर पडतो. त्यामुळे कुरिअरवाल्यापासून वॉटर प्युरिफायर विकणाऱ्यापर्यंत सगळे आमच्या दारात येऊन गेलेत. मी चिडले की म्हणायचा, "येऊन काय लुटणार आहेत आपल्याला?"

लुटायला कुणाला यावंच लागलं नाही.

बाबा गेल्यावर माझ्या आईने, गोदाबाईने, मांजरी गावातली तिची खोली विकायला काढली. ते पैसे आम्ही वारज्यात बुक केलेल्या फ्लॅटला घालायचे आणि तिने आमच्याकडेच राहायचं, असं ठरलं. पैसे हातात आले, पण बिल्डरला द्यायला अवकाश होता. तेवढ्यात वरदने ते एका बिनबँकेच्या क्रिप्टो प्लॅटफॉर्मवर ठेवले. व्याज जास्त म्हणे. ना शाखा, ना मॅनेजर, आपले पैसे आपल्याच ताब्यात.

"आणि काही झालं तर भांडायचं कुणाशी?" मी विचारलं.

"तुला भांडायला कुणीतरी हवंच का?" तो हसला.

हवं होतं. एका दुपारी त्याने बोनसची कुठलीशी लिंक उघडली आणि मीटिंगमध्ये जाऊन बसला. फोनने विचारलं, या अनोळखी खात्याला तुमचे सगळे पैसे हलवायची परवानगी द्यायची का? अगदी सरळ लिहिलेलं होतं. अंगठ्याने आपलं काम केलं.

पोलीस ठाण्यात साहेबांनी शांतपणे विचारलं, "परवानगी आपणच दिलीत ना?" प्लॅटफॉर्मच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, न वाचता दाबलं तर जबाबदारी दाबणाऱ्याची. ते खरं होतं, याचाच मला जास्त संताप आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई नेहमी म्हणते. या वेळी बैल तिचा होता.

तिला सांगायची हिंमत दोघांनाही झाली नाही. आज सकाळी तिने खोलीच्या किल्ल्या नव्या मालकाला दिल्या.

दुपारी वरदचा फोन वाजला. गेटवर गोदाबाई, सोबत सामानाचा टेम्पो. आत सोडायचं का?

पहिल्यांदाच त्याने ते नीट वाचलं. मग परत वाचलं. अंगठा काही हलेना.

"दाब की," मी म्हणाले. "तिला जायला दुसरं घर नाही आता."