गायत्रीची पंधरा मिनिटं

सुरतेत कामाला आलेल्या आमच्या खानदेशातल्या बाया पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. कारखान्यातून त्यांचं नाव त्याच आठवड्यात खोडलं जातं, आणि पोर कडेवर घेऊन आल्या की नव्या म्हणून कमी पगारावर लागतात. यात कोणालाच काही चुकीचं वाटत नव्हतं, मलाही नाही. माझी सून गायत्री मात्र दहावी शिकलेली. माहेरी शिरपूरला निघण्याआधी तिने रजेचा अर्ज दिला आणि नकलेवर कारखान्याच्या शेठची सही घेतली. "माहेरी जायला शेठची सही कशाला?" म्हणून मी हसले होते. बारा आठवड्यांनी ती परतली तेव्हा नाव रजिस्टरात होतं, पगारही जुनाच. मग मीच चाळभर सांगत फिरले.

ही गोष्ट शहाण्णव सालची. सुरतेजवळच्या भेस्तानचा तो सुताचा कारखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. ठरलं असं, की अकराला आणि तीनला मी नातीला, वर्षाला, फाटकाशी न्यायचं आणि गायत्रीने येऊन पाजायचं. पहिल्याच दिवशी तिला मशीन सोडू दिलं नाही. पोरीने टाहो फोडला होता, आणि मी फाटकाचे गज धरून अर्धा तास उभी राहिले. शेवटी घरी येऊन बाटली दिली.

सुपरवायझर श्रीरंग जालन्याकडचा, मनाने वाईट नव्हता. संध्याकाळी मी पुन्हा फाटकाशी गेले, तेव्हा सुटताना तो माझ्यादेखत गायत्रीला म्हणाला, "ताई, शेठ बारा वाजता येतो. त्याच्या आधी गुपचूप जाऊन येत जा. म्या काही बघितलंच न्हाई."

मला वाटलं, देव पावला. गायत्री म्हणाली, "भाऊ, कायद्यात दिवसातून दोनदा वेळ दिलाय, पोर पंधरा महिन्यांचं होईपर्यंत. तशी नोटीस लावा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?"

मिळतंय ते घ्यायचं सोडून हे काय, म्हणून घरी येईपर्यंत मी तिला आमच्या अहिराणीत फाडून खाल्लं. "भेटी ऱ्हायनं ते लई ले ना! पोर भुकी शे, आनि तुले नोटीस पाहिजे!"

"आत्याबाई, उद्या श्रीरंगभाऊ गया, दुसरा उना, मंग? मनी पोर काय चोरीनी शे?" स्वतःची पोर ती चोरून पाजणार नव्हती.

माझा मुलगा योगराज कापडाच्या लूमवर बारा तास राबून आलेला. तो दोघींकडे बघून ताट घेऊन दाराबाहेर जाऊन बसला. आमच्या घरात पुरुषांना असंच जमतं.

गायत्री शेठकडे गेली. शेठ हिंदीत म्हणाला, "एक को दिया तो सब मांगेंगी."

"मांगेंगी ही, शेठ. इसीलिए लिखके मांग रही हूँ."

अर्ज दिला, उत्तर नाही. कारखान्याची सुट्टी सोमवारी असे. त्या दिवशी ती सरकारी कामगार कचेरीत जायची. सरकारी काम, सहा महिने थांब! साहेब जेवायला गेलेत, साहेब रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या. ती गेली. त्याच्याही पुढच्या सोमवारी गेली.

इकडे वर्षा दिवसभर बाटलीवर. कामावर छाती भरून आली की गायत्री संडासात जाऊन दूध पिळून टाकायची. घरी येईस्तोवर ब्लाउज भिजलेला असायचा. पुढे पुढे तो भिजेनासा झाला. मी मेथ्यांचे लाडू केले, डिंक घातला, शेजारणीने सांगितलं ते सगळं केलं. पोरीला बाटलीच गोड लागली. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, दिवसा पाजलं नाही तर असंच होणार.

मी रोज टोमणे मारत होते, ते आता बंद केले. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

या खेट्यांना चौथा महिना लागता लागता कचेरीतला साहेब कारखान्यात आला, रजिस्टर तपासून गेला. तिसऱ्या दिवशी नोटीस लागली, गुजरातीत आणि हिंदीत. तान्ही मुलं असणाऱ्या बायांना रोज दोनदा पंधरा मिनिटं, पगार न कापता.

त्या संध्याकाळी घरी येऊन गायत्रीने हातपाय धुतले आणि वर्षाला छातीशी घेतलं. पोरीने तोंड लावलं, रडली आणि मान फिरवली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग गायत्री ढसाढसा रडली. लग्न होऊन आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मलाही रडू आवरेना.

डोळे पुसून ती म्हणाली, "आत्याबाई, उद्या अकरा वाजता फाटकजवळ या."

"आते कसाले?"

"पूजाना पोऱ्याले लई या. तिना घर कोनीच नही."

पूजा तिच्या शेजारच्या मशीनवरची, वर्ध्याकडची. तिचा दोन महिन्यांचा मुलगा दिवसभर शेजारणीकडे पडलेला असे. परक्याचं लेकरू मी कशाला वागवू, असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण गायत्रीला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी एका कडेवर वर्षा आणि दुसऱ्या कडेवर पूजाचा मुलगा घेऊन मी फाटकाशी उभी राहिले. ठोक्याला अकरा वाजता पूजा बाहेर आली, भिंतीच्या सावलीत बसली आणि मुलाला पदराखाली घेतलं. तो अधाशासारखा पिऊ लागला. तिच्या शेजारी बसून मी वर्षाच्या तोंडात बाटली दिली.

वॉचमन जवळ आला. "आजी, तुमची पोर तर बाटलीवर आहे. तुम्ही कशाला आलात?"

"ही पंधरा मिनिटं माझ्या सुनेनं आणली आहेत," मी म्हटलं. "वाया जाऊ द्यायची नाहीत."