सीट पुढं कुणी सरकवली

माझ्याच घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्याच जीपपाशी जायला मला आधी खोकावं लागत होतं. न खोकता गेलो की आतलं बोलणं बंद व्हायचं आणि महेबूब घाईघाईनं पाना शोधायला लागायचा. पाना त्याच्या हातातच असायचा. आता सांगा, संशय मी घेतला की त्यांनी घ्यायला लावला?

महेबूब माझा जुना मिस्त्री. मंठा ते जालना मी हीच जीप काळी-पिवळी म्हणून प्रवाशांसाठी चालवायचो तेव्हापासून या जीपच्या इंजिनाला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. धंदा सोडला तसा मी जीपला निळा रंग मारून घेतला, पण ती विकली नाही. शेत, बाजार, सोयरीक, विहार, सगळीकडं तिच्यातूनच जाणं. स्टिअरिंगवर मी आणि शेजारी बायको, बेबीनंदा. ड्रायव्हर कधी रिटायर होत नाही, असं मी भेटेल त्याला ऐकवायचो.

तर ही जीप उन्हाळ्यात वाटूर फाट्याच्या अलीकडं बसली. चढाला ओढेना आणि जळका वास सुटला. इंजिन म्हातारं झालं, असं मी जाहीर करून टाकलं. महेबूब आला, गाडीखाली घुसला, बाहेर येऊन हात पुसले, बेबीनंदाकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय भाऊ, इंजिनच बदलून टाकू." गाडी माझी, बोलणं माझ्याशी, आणि बघितलं तिच्याकडं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

साखरेच्या आजारामुळं माझा डावा पाय अधूनमधून बधिर होतो, हे खरं आहे. पण ते माझ्यापुरतं होतं, मी कुणाला बोललो नव्हतो. बोललो असतो तर पुण्याहून पोरानं, आर्यननं, फोनवर फोन करून गाडी बंद करायला लावली असती. आणि गाडी बंद म्हणजे ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुठं निघालात' विचारणारा म्हातारा. त्या ओट्याची मला खरोखर भीती वाटायची.

महेबूबनं जालन्यातल्या एका भंगारवाल्याकडून अपघातात चेपलेल्या मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन आणलं. शेडच्या लोखंडी आढ्याला साखळीची कप्पी टांगून जुनं इंजिन वर उचललं. नवं इंजिन लांब निघालं. मग पुढचा पत्रा कापला, चेसिसवर इंजिनाच्या नव्या बैठका वेल्डिंग केल्या, रेडिएटर पुढं सरकवला. एवढं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. गिअरबॉक्स बसवायची वेळ आली आणि मला बाहेर काढलं.

"भाऊ, वेल्डिंगचा उजेड डोळ्याला बरा न्हाई," महेबूब म्हणाला. "तुमी जरा ओट्यावर बसा."

ओट्यावर! जन्मभर वेल्डिंगच्या ठिणग्यांत उभा राहिलेल्या माणसाला हा ओटा दाखवतो.

त्या दिवसापासून जीपवर ताडपत्री आली. बेबीनंदा चहा घेऊन शेडमध्ये जायची ती चहा निवून त्यावर साय धरली तरी परतायची नाही. इंजिन बदलायच्या परवानगीसाठी म्हणून ती, महेबूब आणि त्याची बायको कमरुन्निसा वारंवार जालन्याला जायला लागली. मी येतो म्हटलं तर उन्हात नको. जीप माझ्या नावावर, आणि ऊन फक्त मलाच लागतं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

मग एक दिवस बेबीनंदा आणि महेबूब बाहेर असताना मी ताडपत्रीचं टोक उचलून आत डोकावलो. ड्रायव्हरची सीट पुढं सरकवून नव्यानं पक्की केली होती. चांगली वीतभर पुढं.

हे नुसतं सीटचं प्रकरण नव्हतं. काळी-पिवळीच्या स्टँडवर आम्ही सीट बघून माणूस ओळखायचो. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना पॅसेंजर कोंबायचे, त्यात तो अर्ध्या मांडीवर बसून गाडी हाणायचा. ज्याची जशी बसण्याची तऱ्हा, तशी त्याची सीट घासायची. माझी मागं आणि डावीकडं दबलेली. इतकी पुढं सीट घेणारा आमच्या स्टँडवर एकच होता, भुजंग. उंचीला बेताचा, पाठीशी उशीसारखा लोड घेऊन चालवणारा. आणि या भुजंगनं मला दोनदा जीप विकत मागितली होती. शिवाय परवाच तो शेडमध्ये लोखंडी पट्ट्या टाकून गेला होता, माझ्याकडं न बघता.

जुळलं. माझ्या घरातलीच माणसं माझी गाडी भुजंगच्या मापाची करत होती.

मी तडक स्टँडवर गेलो. भुजंग गाडीला टेकून पेरू खात होता.

"ठरला का सौदा?" मी विचारलं.

"कशाचा?"

"भोळा बनू नको. माझ्या जीपची सीट तुझ्या मापाची झाली. घर फोडून गाडी घेऊन राह्यला का तू?"

चार ड्रायव्हर जमले. भुजंगला राग आला, आणि रागात माणूस बोलून जातो.

"डोकं फिरलं का, तातेराव? क्लचबिगरची गाडी मला कामून पाह्यजे? म्या काय लेडीज हाय का?"

एवढं बोलून त्यानं जीभ चावली आणि उरलेला पेरू तोंडात कोंबला. जमलेल्यांपैकी एकजण माझ्याकडं असा बघत होता, जसं काही माझ्या घरात कुणी आजारी आहे आणि ते फक्त मलाच सांगितलेलं नाही. त्या नजरेनं मी जास्त चिडलो.

शुक्रवारची दुपार होती. महेबूब नमाजाला गेला होता, शेडमध्ये कुणी नव्हतं. मी ताडपत्री ओढून काढली आणि जीपमध्ये चढलो. गुडघे डॅशबोर्डवर आपटले. सवयीनं डावा पाय क्लचवर ठेवला. ठेवला असं वाटलं. पाय कशाला टेकलाय हे पायावरून कळेना, म्हणून वाकून बघितलं. पाय नुसत्या पत्र्यावर होता. क्लच नव्हताच. ब्रेक होता, एक्सिलेटर होता, आणि गिअरच्या जागी आजकालच्या आपोआप गिअर टाकणाऱ्या गाड्यांचा दांडा होता.

"शेवटी बघितलंच का?" दारात बेबीनंदा उभी होती.

"कुणाची सीट हाय ही?"

"माझी."

मी हसलो. ती हसली नाही.

"जालन्याला जाऊन शिकले. कमरुन्निसा संगं यायची. लायसन बी आलं."

संशयाच्या इतक्या वाटा धुंडाळल्या मी, पण या वाटेला एकदाही वळलो नव्हतो. सीट बघून माणूस ओळखणाऱ्या माझ्या डोळ्यांना रोज शेजारी बसणारी बाई कधी दिसलीच नव्हती.

"माझ्या पाठीमागं हे उद्योग?"

"पाठीमागं कशाला? शेजारी बसूनच ठरवलं." ती जीपपाशी आली. "वाटूरच्या अलीकडं वास सुटला ना, तवा तुमचा पाय क्लचवरच होता. घरून निघाल्यापासून. तुमाला वाटून राह्यलं होतं, पाय खाली हाय. मी पिशवी पडली म्हणून वाकले आन हातानं तुमचा पाय उचलून बाजूला ठेवला."

"खोटं!"

"उचलून ठेवला. तुमाला कळलं बी न्हाई."

मी आठवायचा प्रयत्न केला. ती वाकली होती. पिशवीतली वांगी सांडली म्हणाली होती. मी तिला नीट धरता येत नाही का म्हणून ओरडलोही होतो.

"क्लचप्लेट जळून गेल्ती," ती म्हणाली. "इंजिनाला काय बी झालं नव्हतं."

"मंग इंजिन कामून बदललं?"

"क्लच काढायचा तर इंजिन-गिअरबॉक्स दोन्ही बदललेलं बरं, असं महेबूबभाई म्हणले. आन इंजिन म्हातारं झालं, असं तुमीच सांगून बसले होते समद्यांना. तुमचा शब्द ठेवला त्यांनी."

मला राग आला, लाज वाटली, आणि दोन्हींच्या मधोमध एक गोष्ट सुचली.

"क्लच नसंल तर मंग मीच चालवीन की! उजवा पाय बिलकुल चांगला हाय."

"डावा बी चांगलाच होता की, तुमच्या मतानं."

उजव्या पायाची बोटं मी चपलेत हलवून बघितली. हलली असावीत.

महेबूब टोपी खिशात घालत आला, आम्हाला दोघांना बघून फाटकातच थबकला. "भाऊ, मी सांगणारच व्हतो," तो म्हणाला. "दिल नव्हता होत." मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसलो. कुणीही मला उतरा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडलो असतो आणि ते सोपं गेलं असतं.

शेवटी उतरलो. बेबीनंदा चढली, पदर खोचला, चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात धरलं. आवाज चांगला होता, मानावंच लागेल. मी जीपला पुढून वळसा घालून डावीकडं गेलो. एवढ्या वर्षांत त्या बाजूनं मी कधी चढलो नव्हतो. वरचा दांडा कुठं धरायचा तेही चाचपावं लागलं. सीटवर बसलो, समोर बघितलं आणि म्हणालो, "चल. फाट्यावर हॉर्न दे, तिथं कुत्री आडवी येतात."

तिनं गाडी हलवली नाही.

"चल की."

"पाय आत घ्या," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. डावा पाय अजून बाहेर लोंबत होता. मी तो दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि दार लावलं.