पाहुण्यांचं टेबल

मारीजने टेबलावरचा चौथा वाडगा उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. पाहुणे दोन आणि ती एक, म्हणजे वाडगे तीन. पण टेबल मांडायचं काम तिच्या वडिलांचं, एलींचं, आणि ते दर खेपेला एक वाडगा जादा मांडत. गेलं वर्षभर लेक तो उचलून आत नेत होती. यावरून दोघांत कधी शब्द झाला नव्हता.

आमच्या दोर्दोन्य नदीच्या काठी जो घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतो, तो त्यांच्याबरोबर त्याच टेबलावर जेवतो. रीतच आहे ती. घरच्यांनी आत आणि पाहुण्यांनी बाहेर जेवायचं, तर मग हॉटेल काय वाईट? एली सत्त्याऐंशीचे. साठ हंगाम द्राक्षमळ्यात काढलेला माणूस. खोल्या सुरू झाल्यापासून ते त्या टेबलाच्या टोकाला बसत आले होते.

मग गेल्या वर्षी कुणी एक बाई राहून गेली आणि तिने इंटरनेटवर लिहिलं: ‘घर स्वच्छ, बदक उत्तम. पण म्हातारे सूपमध्ये वाइन ओतून वाडगा तोंडाला लावतात. ते पाहून मुलांची जेवणावरची वासनाच उडाली.’ आता एका बाईच्या पोरांची वासना उडाली म्हणून काय आभाळ कोसळतं? पण मारीजने ते सात वेळा वाचलं. पुढे तिन्ही खोल्या रिकाम्या राहायला लागल्या, तेव्हा तिने दोष कुणाला द्यायचा ते ठरवून टाकलं. तेव्हापासून एली जेवायला आत, ओट्याशी.

आजचे पाहुणे साधे नव्हते. क्लोतिल्दबाई पॅरिसच्या एका मासिकात लिहायच्या: वाइनच्या मुलखात कुठे उतरावं, कुठे जेवावं. त्यांच्या अर्ध्या पानावर मारीजचा पुढचा हंगाम भरला असता. नाहीतर हिवाळ्यात खोल्यांना कुलूप लावायचं, हे ती मनाशी ठरवून बसली होती. म्हणून रविवारची दुपार, इस्त्रीचा टेबलक्लॉथ, लसणाचं सूप, मागून बदक.

क्लोतिल्दबाईंनी दोन चमचे सूप घेतलं आणि त्या छान हसल्या.

“फारच चविष्ट. पण एक विचारू? राग मानू नका हं. इथली माणसं स्वतः जेवायला कुठे जातात?”

मारीजने चमचा खाली ठेवला. पहाटे पाचपासून चुलीपाशी उभी होती बिचारी.

“इथली माणसं घरीच जेवतात, मादाम.”

पण बाईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत एलींनी तळाशी उरलेल्या सूपमध्ये चमचा पालथा घातला, त्याची पाठ बुडेपर्यंत लाल वाइन ओतली, वाडगा गोल हलवला आणि दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला.

मारीजला वाटलं, संपलं. आता हेही छापून येणार.

“बेर्त्रां, बघ, बघ तरी!” क्लोतिल्दबाईंनी नवऱ्याचा हातच धरला. “शाब्रो! सूपमध्ये वाइन, इथली जुनी रीत, अगदी खरीखुरी! अहो, याच्यासाठी तर आठ दिवस वणवण करतोय आम्ही. कोण आहेत ते?”

“माझे वडील.”

“मग त्यांना आत का बसवलंय? बोलवा ना! वाचकांना हेच हवं असतं. पहिला फोटो हाच!”

मारीज उठली. इतकी हलकी ती वर्षभरात झाली नव्हती.

“बाबा, बाहेर चला.”

“का गं? काही चुकलं का माझं?”

“नाही हो. त्यांना तुमच्याबरोबर जेवायचंय.”

एली उठले. मग हात धुतले, खुंटीवरचा कोट घातला, ओल्या बोटांनी केस बसवले. टेबलाच्या टोकाला येऊन बसले तेव्हा लग्नाला आल्यासारखे दिसत होते. मारीजने त्यांना नवा वाडगा वाढला. बेर्त्रां फोन सरसावून तयार.

एली सूप प्यायले. चमच्याने, सावकाश, आवाज न करता. शेवटी वाडगा जरासा कलता करून तळातलं सूपही चमच्यानेच संपवलं. नॅपकिनने ओठ टिपले. गावातल्या बड्या नोटरीलाही इतकं नीट जमलं नसतं.

“आणि वाइन, मस्यू एली?” क्लोतिल्दबाईंनी बाटली पुढे सरकवली. “मगाशी आत घेतलीत तशी?”

“नको, मादाम. चारचौघांत बरं दिसत नाही.”

त्यात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. मारीजने वर्षापूर्वी, दार लावून घेऊन, त्यांना सांगितलेलं वाक्य होतं ते, शब्दाला शब्द. आणि आता ते तिच्याकडे पाहत होते, काम नीट केलं ना, असं विचारल्यासारखे.

मारीजच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाज वाटली तिला, स्वतःची.

“एकदाच हो, फोटोपुरतं,” बेर्त्रां म्हणाला.

“फोन खाली ठेवा, मस्यू,” मारीज म्हणाली. “जेवायला बसलोय आपण.”

बेर्त्रांने बायकोकडे पाहिलं. बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. त्या अर्ध्या पानाचं आता काय होणार, हे मारीजला कळत होतं. तिने बाटली ओढून घेतली. तिच्या वाडग्यात थोडं सूप उरलं होतं, पार निवलेलं. चमचा पालथा घातला, वर वाइन ओतली, वाडगा हलवला. लग्नानंतर कधी केलं नव्हतं तिने हे. दोन्ही हातांनी वाडगा उचलून ती प्यायली. हनुवटीवरून एक ओघळ थेट इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर पडला.

एली पुढे वाकून तिच्या वाडग्यात डोकावले.

“कमी ओतलीस,” ते म्हणाले. “आण ती बाटली इकडे. आणि मला जरा सूप वाढ.”