मुळ्या त्याच, रम एलिहिओची

दवाखान्यातली नर्स योकास्ता मला आधीच म्हणाली होती, "अगं, बत्तीस वर्षांच्या माणसाची मान सहा महिन्यांत एवढी जाड होत नाही." मी तिला म्हटलं, जळायला दुसरं काही मिळत नाही का तुला?

माझा नवरा रादामेस बेसबॉल खेळतो. त्या हंगामात तो चेंडू थेट मैदानापलीकडच्या उसात मारत होता, आणि साखर कारखान्याची आमची अख्खी वसाहत जडीबुटी विकणाऱ्या एलिहिओच्या दारात रांग लावून उभी होती. कारण रादामेसची बाटली त्याच्याकडची. तशी ताकदीची बाटली आमच्यात घरोघरी असते: झाडांच्या साली, मुळ्या, वर रम आणि मध. संपली की त्याच मुळ्यांवर पुन्हा रम ओतायची, वर्षानुवर्षं. एलिहिओच्या बाटलीचं नुसतं बूच हुंगून म्हणे त्याच्या खेचरानं कारखान्याचं फाटक उखडलं होतं. खेचर कोणी पाहिलं नव्हतं. फाटक जागेवरच होतं.

मग रादामेसच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं. एक हंगाम बाहेर. पुन्हा सापडला तर कायमचा. एलिहिओ मला समजावत म्हणाला, "पोरी, यंत्र अमेरिकनांचं, मुळी आपली. यंत्राला मुळीची भाषा कशी कळणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

पण रादामेसचे डोळे पिवळे दिसू लागले. लेकीला कडेवर घेऊन मी रोज त्याला उजेडात बसवून बघायची. आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना: सगळे रम घरीच ओततात, मग आमची बाटली भरायला एलिहिओ दर वेळी स्वतःकडेच का मागवतो?

मी मुळ्या दोन बाटल्यांत वाटल्या. एक घरी भरली, एक त्याच्याकडून. योकास्तानं दोन्ही राजधानीत तपासून आणल्या. घरच्या बाटलीत रम, मध आणि लाकूड. त्याच्या बाटलीत स्नायू फुगवणाऱ्या आणि यकृत नासवणाऱ्या गोळ्यांची पूड.

मी तो कागद रांगेसमोर वाचला. एलिहिओ म्हणाला, मुळीनंच आत गोळी तयार केली असेल.

"मग माझ्या घरच्या बाटलीत का नाही केली?" रांगेतला एक म्हातारा म्हणाला. "वीस वर्षं भिजतेय बिचारी."

रांग हसत हसत पांगली.

ती बाटली बंद केली, आणि रादामेसची कावीळ उतरली. तो पुन्हा खेळतो. चेंडू आता कुंपणाच्या अलीकडे पडतात. एकदा त्यानं विचारलं, "उसात गेलेले चेंडू माझे होते, की गोळीचे?"

शक्ती येते कुठून, हे विचारण्यात देवाचा किंवा मुळीचा अपमान होत नाही. तुमच्या ओळखीत कोणी अचानक पहिलवान झाला असेल, आणि तो काय पितो हे फक्त देणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर आजच त्याच्याकडे जा. त्याला रक्त तपासायला घेऊन जा. तो चिडेल. तरी सोबत जा.